आजोबांची फाइल

मी ऐरोलीच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. २०२५ चं जवळजवळ अख्खं वर्ष माझं एकाच कामात गेलं: लोकांचे लॅपटॉप विंडोज १० वरून ११ वर नेणं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता. सपोर्ट संपतो म्हणजे कंप्युटर बंद पडत नाही. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबतं. घराचं कुलूप तेच राहतं, पण ते उघडायची नवी युक्ती चोराला सापडली तर कुलूपवाला येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या वेळा बोलले की ऑफिसात मला ‘कुलूपवाली’ म्हणायला लागले होते.

तर अशा या कुलूपवालीने ऐन दिवाळीच्या तोंडावर स्वतःच्या आईचा कंप्युटर अपग्रेड केला आणि तिचं पंचवीस वर्षांचं काम एका दुपारीत वाचता न येण्यासारखं करून ठेवलं.

आई नेरुळला घरातच डीटीपीची कामं करते. १९९९ पासून. त्याआधी तिने मराठी टायपिंगची तीस आणि मग चाळीसची परीक्षा दिली होती, टाइपरायटरवर. मग पप्पांनी कर्ज काढून कंप्युटर घेतला आणि आमच्या हॉलचा एक कोपरा कायमचा तिचा झाला. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, सोसायटीच्या नोटिसा, कुणाचा पीएचडीचा प्रबंध, मंडळाच्या पावत्या, श्रद्धांजलीचे बॅनर. माझी शाळेची फी यातून गेली. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आया रात्री अकरा वाजता ‘प्रूफ लागलंय’ म्हणून उठतात.

तिचं मशीन २०१२ मधलं, असेंबल केलेलं. त्यावर विंडोज ७ होतं. जुलै २०१६ मध्ये, विंडोज १० फुकट मिळण्याची मुदत संपायच्या आत, मीच ते १० वर नेलं होतं. मी तेव्हा कॉलेजात नुकती गेले होते. रात्री अपग्रेड लावलं, सकाळी उठलो तर सगळं जिथल्या तिथे. आईचे फॉन्ट, तिचं पेजमेकर, प्रिंटर, वॉलपेपरवरचा गणपतीसुद्धा. आई म्हणाली, “तुला जमतं गं हे.” मला वाटतं, माझी नोकरी त्या सकाळी ठरली.

आणि माझी पुढची चूकही.

---

विंडोज ११ ला आईचं मशीन चालणार नव्हतं. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. आईच्या मशीनकडे यातली फक्त जागा होती. शिवाय तिची सिस्टिम ३२ बिटची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं.

खरं तर थांबता आलं असतं. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवायची नोंदणी खुली होती. पण माझा बोनस झाला होता. दिवाळीला आईला काहीतरी मोठं द्यायचं मनात होतं. मी वाशीहून तिच्यासाठी नवाकोरा लॅपटॉप आणला.

रविवार, १२ ऑक्टोबर. चारच दिवसांपूर्वी विमानतळाचं उद्घाटन झालेलं, त्यामुळे गावच्या ग्रुपवर अजून विमानतळाचेच फोटो फिरत होते. आई माळ्यावरचे डबे काढून घासत बसली होती. मी म्हटलं, “तू घर आवर, मी तुझा कंप्युटर आवरते.” जुन्या मशीनची डी ड्राइव्ह पूर्ण कॉपी केली. डेस्कटॉप कॉपी केला, डॉक्युमेंट्स कॉपी केलं. दोनदा तपासलं, फाइलींची संख्या जुळली. सगळं नव्या लॅपटॉपवर टाकलं. मग जुन्या मशीनची डिस्क पुसून त्यावर लिनक्स टाकलं आणि संध्याकाळी ते मावशीच्या मुलाला देऊन टाकलं. तो आठवीत आहे, त्याला कोडिंग शिकायचं होतं. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी स्वतःवर खूश.

ऑफिसात मी हेच करते. तिथे प्रत्येकाकडे तीच सॉफ्टवेअर असतात, ती सर्व्हरवरून परत येतात आणि लोकांचं काम क्लाउडवर असतं. त्यामुळे सी ड्राइव्ह पुसताना हात थरथरत नाही. घरातल्या कंप्युटरचं तसं नसतं. तो माणसासारखा जुना होत जातो. पंचवीस वर्षांत कुणीतरी सीडीवरून टाकलेलं, कुणीतरी पेन ड्राइव्हवरून दिलेलं, असं काय काय त्याच्या पोटात जमतं आणि त्याची यादी कुणाकडेच नसते.

---

भाऊबीज झाली आणि आई नव्या लॅपटॉपसमोर बसली. तुळशीचं लग्न जवळ आलेलं, म्हणजे पत्रिकांचा हंगाम. तिच्या वहीत अकरा ऑर्डरी होत्या. तिने मागच्या वर्षीची एक पत्रिका उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, आकडे. तिने दुसरी उघडली. तेच. तिसरी. पेजमेकरच्या फाइली तर उघडल्याच नाहीत, कारण पेजमेकरच नव्हतं.

मला हाक मारली नाही तिने. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती एक वर्डची फाइल उघडून नुसती बघत बसली होती. फाइलचं नाव इंग्रजीत होतं: ‘बाबा, शेवटची’. आत एकसष्ट पानं कचरा.

ती आजोबांची फाइल होती. आईचे वडील. नेरुळच्या सेक्टरांच्या मधोमध जे जुनं गावठाण उरलंय, तिथले. आगरी शेतकरी. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमचंही गाव होतं. शेवटची तीन वर्षं आजोबा आमच्याकडे होते. २००४ च्या पावसाळ्यात रोज दुपारी ते आईच्या खुर्चीमागे बसून बोलायचे आणि आई टाइप करायची. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कसा घालायचा. उघाडीचं दार कधी उघडायचं, कधी बंद करायचं. उधाणाच्या रात्री सगळा गाव बांधावर कसा जागायचा. जिताडा कुठे मिळायचा, निवट्या चिखलातून कशा धरायच्या. कुठल्या शेताचं नाव काय: वडाखालचं, उघाडीवरचं. १९८४ च्या जानेवारीतलं आंदोलन, दि. बा. पाटलांचं भाषण, गोळीबारात गेलेली पाच माणसं. आज त्या जागांना सेक्टरचे नंबर आहेत. नावं त्या फाइलमध्ये आहेत. २००६ मध्ये आजोबा गेले.

“प्रिंट काढलेली नाही?” मी विचारलं.

“काढली होती. सव्वीस जुलैच्या पावसात मामाच्या घरात पाणी भरलं, त्यात गेली. म्हटलं फाइल आहे ना, कधीही काढू.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस.” आणि उठून भांडी लावायला गेली. आमच्या घरात ताटं इतक्या हळू कधी ठेवली गेली नव्हती.

---

नेमकं काय झालं होतं, ते सांगते. कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आई-बाबांच्या कंप्युटरवर हाच प्रकार असणार आहे.

आपण आज फोनवर मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये. त्यात ‘क’ ला जगभर एकच क्रमांक आहे, त्यामुळे माझ्या फोनवरचा ‘क’ तुमच्या फोनवरही ‘क’च दिसतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मधली. पण विंडोजमध्ये देवनागरी नीट उमटायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. एक्सपीमध्येही सेटिंगमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागायची, वर सीडी मागायचं. मधल्या काळात मराठी छपाई थांबली नव्हती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअर आली आणि त्यांच्यावर मराठीतली वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका निघाल्या. त्यांची युक्ती अशी की कंप्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, आणि फॉन्ट त्या अक्षराच्या जागी मराठी आकार दाखवतो. कुठल्या अक्षराच्या जागी कुठला आकार, हे ज्याचं त्याचं वेगळं.

म्हणजे आजोबांची फाइल बिघडलेली नव्हती. ती बाइट न् बाइट शाबूत होती. ती वाचायची किल्ली म्हणजे तो फॉन्ट. तो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये होता. आणि मी कॉपी केली होती डी ड्राइव्ह.

गंमत म्हणजे आईच्या २०१२ नंतरच्या काही फाइली सहज उघडल्या. त्या युनिकोडमधल्या, ‘मंगल’ फॉन्टमधल्या होत्या. मंगल हा कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट, एके काळी विंडोजवरच्या मराठीचा चेहरा. नव्या विंडोजमध्ये तो आपोआप असेलच असं नाही. भाषांच्या यादीत मराठी घातलं की जोडफॉन्टांबरोबर येतो. तोवर तीच अक्षरं ‘निर्मला’ फॉन्टमध्ये दिसतात. चेहरा बदलतो, मजकूर वाचता येतो. दोन प्रकारच्या फाइलींमधला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा पोटात कळला.

मग सीडीवरून सॉफ्टवेअर परत टाकायचं ना? सीडी होती, आईने जपून ठेवलेली. यूएसबीचं लॉकही होतं, जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हती, ती मी ऑफिसातून आणली. पण लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे ड्रायव्हर चालवतच नाही. दोन रात्री झटून मी हार मानली.

२०१६ मध्ये सगळं जिथल्या तिथे राहिलं होतं, कारण ते जुन्यावरच चढवलेलं अपग्रेड होतं. तशा अपग्रेडमध्ये प्रोग्रॅम, फॉन्ट, सेटिंग टिकतात, आणि पटलं नाही तर साधारण दहा दिवसांत मागेही फिरता येतं. या वेळी मी अपग्रेड केलंच नव्हतं. मी घर बदललं होतं. आणि जुनं घर पाडूनही मोकळी झाले होते. दोन्हीला आपण ‘अपग्रेड’ म्हणतो, तिथेच फसगत होते.

---

वाट आईनेच काढली. “तुर्भ्याच्या काकांकडे जाऊन बघू.”

तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात काकांचा ऑफसेटचा छापखाना आहे. आई वीस वर्षं त्यांच्याकडे पत्रिका छापून घेते. त्यांच्या केबिनमध्ये, शाईच्या डब्यांशेजारी, एक पिवळट पडलेला मॉनिटर होता. त्यावर विंडोज एक्सपी.

माझ्यातली कुलूपवाली लगेच जागी झाली. “काका, एक्सपीचा सपोर्ट २०१४ ला संपला. अजून हे चालवता?”

“त्याच दिवशी नेटची वायर काढली मी त्याची,” काका म्हणाले. “त्याला नेट नाही, त्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह नाही. आधी शेजारच्या नव्या मशीनवर पेन ड्राइव्ह स्कॅन, मगच त्याला. जुन्या गिऱ्हाइकांची मॅटर त्याच्याशिवाय उघडत नाहीत. टाकून कसं देऊ?”

मी वर्षभर लोकांना सांगत होते की जुनी सिस्टिम म्हणजे धोका. ते खरंच आहे. पण जुनी सिस्टिम नेटला जोडलेली ठेवणं आणि जुनी सिस्टिम वायर काढून कोपऱ्यात ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या कुठल्याही स्लाइडवर हे नव्हतं.

काकांकडे तेच सॉफ्टवेअर होतं, तेच फॉन्ट होते. पेन ड्राइव्ह आधी स्कॅन केला, मग त्या पिवळट मशीनला लावला. फाइल उघडली. पहिल्या पानावर मराठी दिसलं आणि आई खुर्ची ओढून बसली. तिने आवाज न करता अख्खं पान वाचलं. काका बाहेर जाऊन मशीनवाल्याशी उगाच बोलत उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्या जुन्या फाइलींच्या पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे पान कुठेही उघडलं तरी तसंच दिसतं. पण ते फक्त डोळ्यांसाठी. त्यातला मजकूर कॉपी केला तर पुन्हा तोच कचरा. म्हणून दुसरी गोष्ट, आजोबांची फाइल एका परिवर्तकातून युनिकोडमध्ये.

हे रूपांतर वाटतं तितकं सरळ नसतं. जुने फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षर आलं की गडबडतो. ‘दुसऱ्या’, ‘बांधाऱ्या’ यांतला तो अर्धा र तर हमखास तुटतो. एकसष्ट पानांत वेलांट्या इकडून तिकडे भटकत होत्या.

मग मी शहाणपणा केला. सगळा मजकूर एका एआय चॅटबॉटला दिला आणि म्हटलं, शुद्धलेखन नीट कर. अर्ध्या मिनिटात चकचकीत मराठी हातात. आईला वाचून दाखवायला लागले.

“‘उधाणाचे पाणी सैतान शिरले...’”

“काय?”

मी पुन्हा वाचलं. आई हसायला लागली. कित्येक दिवसांनी. “अगं, शेतान! शेतान पानी शिरला. शेतात. बाबा शेतान म्हणायचे.”

यंत्राने आजोबांना शुद्ध करून टाकलं होतं. आगरीत पाण्याचं ‘पानी’ होतं, झाडाचं ‘झार’, डोळ्याचा ‘डोला’. प्रत्येक ठिकाणी ते दुरुस्त झालं होतं. जे शब्द यंत्राला कळले नाहीत, तिथे त्याने बिनधास्त दुसरे बसवले होते. वाक्यं गुळगुळीत, आणि बोलणारा माणूस गायब. फॉन्ट गेल्यावर निदान कळत तरी होतं की काहीतरी हरवलंय. इथे हरवलेलं दिसतही नव्हतं. आईला तो आवाज ठाऊक नसता, तर आम्ही हेच छापून नातेवाइकांत वाटलं असतं.

---

ती आवृत्ती मी पुसली. (आधी कॉपी ठेवून. आता सवय लागली आहे.) परिवर्तकातून निघालेला कच्चा मजकूर घेतला, आणि नोव्हेंबर-डिसेंबर रोज रात्री आम्ही दोघी बसलो. शेजारी पीडीएफ, इकडे युनिकोड. आई ओळ वाचायची, मी वेलांटी जागेवर आणायचे. रात्रीला दोन पानं. कधी एकच, कारण मध्येच ती थांबून सांगायची की हे सांगताना बाबा रडले होते, मी टाइप केलं नाही.

पत्रिकांचा हंगाम काकांनी सांभाळला. संध्याकाळी दोन तास आई त्यांच्या गाळ्यात जाऊन काम करायची. पुढे तिने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. नव्या लॅपटॉपवर विंडोजची मराठी कीबोर्ड मांडणी इनस्क्रिप्टची, आणि आईची बोटं टाइपरायटरची. एवढ्या वर्षांची सवय ‘नवीन शिक’ म्हणून सुटत नाही. टाइपरायटरचीच मांडणी युनिकोडमध्ये देणारं साधन शोधून बसवलं, तेव्हा कुठे तिचा वेग परत आला. अपग्रेड करायच्या आधी मी रॅम विचारली होती, प्रोसेसर विचारला होता. तू टाइप कशी करतेस, हे विचारलं नव्हतं.

सगळं परत आलं नाही. पेजमेकरच्या काही जुन्या फाइली काकांच्याही मशीनवर उघडल्या नाहीत. त्यांतली चित्रं पुसलेल्या सी ड्राइव्हवर राहिली होती. पहिल्या वर्षीच्या पत्रिका गेल्या. आई म्हणते, त्या जोडप्यांची पोरं आता लग्नाला आली, त्यांना जुनी पत्रिका कशाला हवी. मला माहीत आहे, तिला हवी होती.

आता कुणी मला म्हणालं, “घरचा कंप्युटर अपग्रेड करून दे,” तर मी आधी बसते. त्या माणसाला त्याच्या मशीनवर दिवसभरात जे करतो ते माझ्यासमोर करायला सांगते. काय उघडतो, कुठला फॉन्ट, कुठला प्रिंटर, कुठलं लॉक लावलंय. मग विचारते: यात असं काय आहे, जे फक्त हेच मशीन वाचू शकतं? डिस्कची अख्खी प्रत काढते, सी ड्राइव्हसकट. नव्या मशीनवर सगळ्यात जुनी फाइल उघडून बघते, सगळ्यात नवी नव्हे. जुनं मशीन महिना-दोन महिने तसंच ठेवायला लावते. आणि नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा कुलूपबंदच येते, त्या कुलपाचा ४८ आकडी रिकव्हरी नंबर कागदावर लिहून देते. आमच्याकडे तो रेशन कार्डाच्या पिशवीत आहे. माझ्या अकाउंटमध्येही आहे, पण उद्या मी नसले तर आईने कुठे शोधायचा?

डिसेंबरच्या शेवटी एकसष्ट पानं पूर्ण झाली. काकांनी वीस प्रती छापून दिल्या, पैसे घेतले नाहीत. एक मामाकडे गेली, वरच्या फळीवर.

परवा आई लॅपटॉपवर काहीतरी करत होती. वर्डने आजोबांच्या मजकुरात जागोजाग लाल रेघा ओढल्या होत्या. ती एकेका शब्दावर जाऊन, माउसचं उजवं बटण दाबून, तो शब्दकोशात घालत होती. पानी. झार. डोला. शेतान.

“सगळे घालणारेस?” मी विचारलं.

“वेळ आहे मला,” ती म्हणाली.